वारुळाच्या तोंडाशी

नागपंचमीला रत्नप्रभावहिनी दूध-लाह्या घेऊन वारुळाशी गेल्या, तर तिथे निळाशार अजगर सुस्त पडलेला. हौशी लोकांसाठी प्रयोगशाळेत हव्या त्या रंगात घडवलेली ही जात. त्याच्या जबड्यातून गावातल्या शेवटच्या नागाची शेपटी लोंबत होती.

शेजारचे केळुसकर धावत आले. त्यांनीच असली जोडी पाळली होती आणि कंटाळा आल्यावर रानात सोडून दिली होती.

"कंपनीने वांझ म्हणून विकले होते हो, वहिनी," ते म्हणाले.

"मग गावभर ही पिल्लावळ कोणाची, माझी?"

वहिनी तरातरा घरात गेल्या आणि कोयता घेऊन आल्या.

"अहो, आज पंचमी. आज कापायचं नसतं," केळुसकर कळवळले.

"नागाला इजा होऊ नये म्हणून पाळतात ते," वहिनी म्हणाल्या. "नाग ठेवलात कुठे तुम्ही?"