पिंजऱ्याबाहेरचा सिंह

रोमच्या ग्लॅडिएटरांची गोष्ट सांगून बाईंनी मुलांना चित्र रंगवायला दिलं. आखाड्यात दोन योद्धे, पिंजऱ्यात सिंह, भोवती प्रेक्षक आणि उंच आसनावर सम्राट.

वर्गात नुकत्याच आलेल्या एका मुलीने योद्धे कोरेच ठेवले. प्रेक्षकांना मात्र वर्गातल्या एकेकीच्या रिबिनीचा रंग दिला आणि पिंजरा खोडून सिंह मोकळा सोडला.

"अगं, हा योद्ध्यांवर का नाही धावत?" बाईंनी हसत विचारलं.

"त्यांना लढायला लावलंय, बाई. सोमवारी मैदानात मला नि माझ्या बाकावरच्या मुलीला असंच झुंजवलं आणि वर्गातल्या सगळ्या टाळ्या पिटत होत्या."

"बरं, मग आधी कुणाला खाणार हा?"

तिने सम्राटाच्या नाकावर सावकाश बाईंसारखा चष्मा काढला.

"जे खिडकीतून नुसते बघत होते, त्यांना."