रियोजीची गाडी

शेवटची वायर सोल्डर करून झाली, तेव्हा इसोझाकीची मान इतकी आखडली होती की त्याला गाडीतून बाहेर निघता येईना. डोकं डाव्या सीटपुढच्या पाय ठेवायच्या जागेत, पाय दाराबाहेर.

"जिवंत आहेस ना, शिगे?" शेजारच्या नेमोतोनं विचारलं. तो गरम कॉफीचे दोन कॅन घेऊन आला होता.

"अजून तरी."

इसोझाकी सदुसष्ट वर्षांचा. मितो शहरात ट्रकच्या वायरिंगचं दुकान त्यानं चाळीस वर्षं चालवलं. आता उजवा डोळा गेलेला, डावा जायच्या वाटेवर. वर्षभर पुरला तर नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाला होता. आणि हा म्हातारा भिंग लावून बारीक वायरी जोडत बसला होता.

गाडी रियोजीची, त्याच्या एकुलत्या एका मुलाची. पांढरी, दोन दारांची. अकरा वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. रियोजीनं तिचं इंजिन दणकट करायला घेतलं होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. बापानं तीन वर्षं खपून ते पुरं केलं. मूळच्या कम्प्युटरला असलं इंजिन झेपणार नव्हतं, म्हणून तो काढून बाहेरचा नवा बसवला. पण नवा कम्प्युटर म्हणजे जवळपास कोरी पाटी. इंजिन जेमतेम सुरू करण्यापुरतं त्याला कळतं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे त्याला जाणकारानं गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून शिकवावं लागतं. त्याआधी कुणी रस्त्यावर दामटली, तर इंजिनाचा निकाल लागलाच.

असा एक जाणकार चिबा शहरात होता. त्याची तारीख आठ महिन्यांनी मिळायची. ती उद्यावर आली होती. तो एकाच कंपनीच्या कम्प्युटरवर काम करायचा, आणि जोडणी गबाळी दिसली तर गाडी आल्या पावली परत पाठवायचा. इसोझाकीनं बरोबर तोच कम्प्युटर घेतला होता. तारीख मात्र नेमोतोच्या फोनवरून, नेमोतोच्याच नावावर. "मला ते फोनचं जमत नाही," असं त्यानं सांगितलं होतं.

"त्यानं परत पाठवली तर?" नेमोतोनं विचारलं.

"तर आणीन परत."

"शिगे, रियोजी काही घरी परत यायचा नाही."

"ठाऊक आहे."

"मग स्वतःला किती दोष देशील?"

"जेवढा आहे तेवढा."

इसोझाकीनं किल्ली फिरवली. दोनदा नुसतीच घरघर झाली. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, अडखळलं आणि धरलं. म्हाताऱ्याला रडू फुटलं. तो बराच वेळ रडला. आता त्याला एकच हवं होतं. त्या चिबाच्या माणसानं बॉनेट उघडावं आणि या कामाबद्दल एक बरा शब्द बोलावा.

सकाळी त्यांनी भाड्याच्या ट्रकवर गाडी चढवली. नेमोतोनं ट्रक चालवला, पण चिबाला पोचल्यावर तो खाली उतरला नाही. "तू जा. माझं तिथं काय काम?"

जाणकार काटकुळा होता. डोक्याला टोपी, तोंडावर मास्क. तो आधी गाडीकडे पाहत राहिला, मग हातातल्या कागदाकडे.

"नेमोतो-सान?"

"हो," इसोझाकी म्हणाला.

तो माणूस टॉर्च घेऊन सीटपुढे वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"जोडणी कुणाची?"

"माझीच."

"सेन्सरचं अर्थिंग बॉडीला दिलंय."

चाळीस वर्षं इसोझाकीनं दिसेल त्या वायरीचं अर्थिंग पत्र्याला दिलं होतं, हात आपोआप तिकडेच गेला असणार. या कम्प्युटरला ते स्वतःकडे लागतं. पुस्तकात लिहिलं होतं, त्यानं वाचलंही होतं.

"ट्रकला तसंच देतात," तो पुटपुटला.

"हो. ट्रकवाले तसंच देतात." माणसाचा आवाज सपाट होता. "त्यानं आकडे थरथरतात."

आता गाडी परत, असं धरून इसोझाकीनं टोपी उचललीसुद्धा. पण त्या माणसानं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. तीन वायरी तोडल्या, कम्प्युटरकडे नेऊन जोडल्या. मग गाडी रोलरवर घेतली, इंजिनात ठकठक होते का ते ऐकायला कानाला हेडफोन लावले. दुपार सरली. गाडीचं खोकणं थांबलं, आवाज भरला. असा आवाज म्हाताऱ्यानं आयुष्यात ऐकला नव्हता.

"चारशे हॉर्सपॉवर," तो माणूस म्हणाला. "तेल हजार किलोमीटरला बदला."

"आणि काम? कसं वाटलं?"

"आता चालवायला हरकत नाही."

"आणखी काही?"

"नाही."

इसोझाकी तिथंच घुटमळला. "ही गाडी माझ्या मुलाची," शेवटी तो म्हणाला.

"हो का." माणूस केबल गुंडाळत होता. "जपून न्या."

गाडी पुन्हा ट्रकवर चढली. इसोझाकी नेमोतोशेजारी बसला.

"काही बोलला?"

"तेल बदलायला सांगितलं."

ट्रक निघाला. जाणकार निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आला, टोपी काढून कमरेत वाकला. उरल्यासुरल्या डोळ्यानं इसोझाकी बाजूच्या आरशात पाहत राहिला. गिऱ्हाइकाची गाडी वळणाआड जाईपर्यंत मान वर करायची नाही, हे दुकानापुढं उभं करून, मानेवर हात दाबून, त्यानंच आठ वर्षांच्या रियोजीला शिकवलं होतं. आणि वळण आलं तरी आरशात रियोजी वाकलेलाच होता.