शिस्तीतला बॉटलब्रश

रिक्षातून उतरलेले नाफडे सर बॅग हातात धरून फाटकातच थबकले. कुंपणाजवळचा बॉटलब्रश लालभडक फुलांनी नुसता लगडला होता.

जन्मभर शाळेत पीटी शिकवलेल्या सरांना पोरांचे केस आणि झाडांचे शेंडे वाढलेले खपत नसत. दर रविवारी ते बॉटलब्रशची हजामत करून त्याचा गुळगुळीत चेंडू बनवत. “अहो, त्याला फुलं शेंड्यांनाच येतात,” असं सांगून पत्नी इंदूताई थकल्या होत्या. “शिस्त लागली की येतील,” हे सरांचं ठरलेलं उत्तर. यंदा ते लेकीकडे बंगळुरूला गेले आणि नातवाला कवायत शिकवण्यात रमून होळीपर्यंत राहिले. इंदूताई गुडघ्यांचं निमित्त सांगून घरीच थांबल्या.

“सर, कमाल केलीत,” शेजारचे दामले कुंपणावरून म्हणाले.

“शिस्त उशिरा का होईना, लागते,” सर म्हणाले. तेवढ्यात एक शेंडा जास्तच पुढे आलेला दिसला. व्हरांड्यात शिरून त्यांनी खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी होती.

“अगं, कात्री कुठाय?”

“धार लावायला दिलीय,” इंदूताई म्हणाल्या.

“कधी?”

“तुमची गाडी सुटली त्याच दिवशी.”