कुंताच्या अठरा फेऱ्या

"आज मी जातो," मनसाराम म्हणाला.

कुंता तापाने फणफणली होती. तरी ती बाजेवर उठून बसली. "नको जी. उद्या मीच जाईन. तुमाले काय बोलता येते तिथी?"

मनसारामची मान खाली गेली. बायको खोटं बोलत नव्हती.

तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या बाया गावात परतल्या, पण त्यांची एकोणीस वर्षांची रोशनी परतली नाही. वाटेत गाडी थांबली, पाणी आणते म्हणून ती उतरली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. फोन बंद. मनसाराम त्या दिवशी जो खचला तो खचलाच. सकाळी तलावावर जायचा, गळ टाकून बसायचा. मासा लागला तरी दोरी ओढायचा नाही.

कुंताने मात्र पदर खोचला. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने ती तालुक्याला, पोलीस ठाण्यात निघाली. संध्याकाळच्या बसने परत. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही.

"काय म्हणाले?" तिच्या तोंडाकडे न बघता तो विचारायचा.

"शोध चालू हाये म्हणते."

"फोटो देला?"

"मागतला नाई अजून."

पुढे विचारायची त्याची छाती होत नसे. घरी बसणाऱ्याने कोणत्या तोंडाने जाब मागावा?

गाव काही मुकं नव्हतं. पानठेल्यावर डोमा एकदा त्याला ऐकू जाईल असंच बोलला, "बाईमाणूस फिरून राह्यली, अन् बाप गळ टाकून बसला." तेव्हापासून मनसारामने तो रस्ता सोडला. धानाच्या बांधावरून लपतछपत घरी यायचा.

कालपर्यंत तिच्या अठरा फेऱ्या झाल्या होत्या.

"नका जाऊ," कुंताने त्याचं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका तापला होता.

तिचा आपल्यावर एवढासुद्धा भरवसा उरला नाही, हे त्याला झोंबलं. मनगट सोडवून, रोशनीचा फोटो खिशात घालून तो निघाला.

बसमध्ये त्याने बोलायचं सगळं घोकून ठेवलं. पण ठाण्याच्या फाटकाशी पाय थिजले. बायकोने अठरा दिवस ओलांडलेला उंबरठा आपल्याला एकदा ओलांडता येऊ नये? त्या लाजेनेच त्याला आत ढकललं.

टेबलाशी बसलेल्या हवालदाराला त्याने हात जोडले. "साहेब, मी रोशनीचा बाप. माही बायको येते रोज, कुंता. मीच नाई आलो. चुकलं माहं."

"कोण रोशनी?"

त्याने अडखळत सगळं सांगितलं. हवालदाराने रजिस्टर मागेपुढे चाळलं, मग पुन्हा चाळलं. "ह्या नावाची तक्रारच नाई, बाबा."

"असं कसं साहेब? उंच हाये माही बायको. कपाळावर गोंदण. हातात निळी पिशवी रायते."

कोपऱ्यात लिहीत बसलेल्या महिला शिपायाने मान वर केली.

"ते बाई? समोरच्या झाडाखाली बसते रोज. मी दोनदा विचारलं, तं म्हणे, बसची वाट पाहून राह्यली." तिने हातातला पेन खाली ठेवला. "फाटकापर्यंत येते, बाबा. आत एकदाबी नाई आली."