इटलीतल्या बाजाराची गोष्ट

जुन्या बाजारातली दुकानं एकेक करून बायपासला गेली. गल्लीत माझं शिलाई मशीन तेवढं उरलं आणि गिऱ्हाईक येईना. तेव्हा मी गावात सांगून टाकलं, की इटलीत समुद्राकाठच्या एका शहराचा जुना बाजार असाच ओसाड पडला होता, आणि तो पुन्हा वसवायला मलाच बोलावलं होतं. मला न्यायला बिरसीच्या विमानतळावर खास विमान उतरलं होतं, असंही सांगितलं.

लोक ऐकायला आले. मी रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगायचो. तो बाजार वसवला कसा, हे सांगायची वेळ आली की म्हणायचो, "आता उद्या."

ऐकणाऱ्यांसाठी फुलवंताबाईनं चहाची भट्टी लावली. मग भजी आली, पानठेला आला, बायपासला गेलेला न्हावीही परतला.

परवा कुंजीलाल चिडला. बसायला जागा नव्हती, तो माझ्या दारातच उभा होता.

"यादोरावभाऊ, दोन साल झाले, रोज ऐकून राहिलो! त्या बाजारात तुमी केलं तरी काय, ते काऊन नाही सांगत?"

"हेच केलं, बाबू. आता सरक, गिऱ्हाईकाले वाट दे."