पंचवीस नंबरचं दार

"कुणाला सांगून पटायचं न्हाई," बंकटराव म्हणाले, "पण शेजारच्या तात्याबाच्या शेळीनं आपलं टपाल खाल्लं."

स्वप्नालीनं लॅपटॉपवरची नजर उचलली नाही. छबुबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या.

"सकाळी सहाच्या सुमाराला मी सवता पाहिलं. खिडकीतून मान आत, तोंडात निळी वायर. दोन हात वायर गिळली अन् वर ढेकर दिला. ढेकरासंगं तिच्या पोटात मोबाईल वाजला, आता बोला!"

"मागं तुमच्या गोष्टीत अंबाजोगाईहून चाऱ्याचा टेम्पो हाकत आलती, ती हीच शेळी न्हवं?" छबुबाई म्हणाल्या. "गप बसा जरा. लेकीचा जीव टांगणीला लागलाय."

जीव टांगणीला बंकटरावांचाही लागला होता.

परळीच्या वीज केंद्रात तीस वर्षं शिफ्ट केलेला हा माणूस. निवृत्तीनंतर घाटनांदूरच्या घरात त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला होता. तिघांचेही पत्ते त्याच्यावर. आल्यागेल्याला ते 'आमचं घरचं पोस्ट' म्हणून दाखवत. स्वप्नालीनं नोकरीच्या अर्जात मोठ्या तोऱ्यात तोच पत्ता दिला आणि तिची निवड झाली, थेट चंदीगडला. बंकटरावांनी गल्लीभर पेढे वाटले.

आता तिकडून एक मेल येणार होतं. त्यातली लिंक आज पाचच्या आत दाबली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. पत्ता बदलून मिळणार नाही, असं तिथल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. त्यांचं मशीन सकाळी नऊपासून दर दहा मिनिटांनी मेल पाठवत होतं आणि इथं एक अक्षर पोचत नव्हतं.

साडेतीन झाले होते. बंकटराव घड्याळाकडं बघून अंगणात गेले, परत आले, पुन्हा बघितलं. काटा जागचा हलायला तयार नव्हता.

"वायर धड हाय, आप्पा," स्वप्नाली म्हणाली. "हाक मारली की सर्व्हर ओ देतोय. हे बघा."

"मग वीज केंद्राची राख आसंल. वारं परळीकडनं हाय आज. लई बारीक असती ती. वायरीच्या टोकातनं घुसती अन् अक्षरं काळी करती. मेल आलं बी आसंल, पर काळ्यावर काळं दिसंल कसं?"

"आप्पा!"

"बरं, मशीन बंद करून चालू कर."

"दोनदा केलं. दर खेपंला बारा मिनिटं गेली."

"तिसऱ्यांदा कर. माझं ऐक."

तिनं ऐकलं. तेवढ्यात बंकटरावांनी स्वतः कॉम्प्युटरपुढचा पलंग ओढला, खाली शिरले, वायरीची टोकं काढून धोतरानं पुसून पुन्हा बसवली. डोक्याला जळमटं घेऊन बाहेर आले आणि चहा मांडायला सांगितला. चहा निवांत पिऊनच मग काय ते करू म्हणाले. स्वप्नालीचा कप तसाच गार झाला.

सव्वाचार.

"मेलचा प्रोग्रॅम चालू हाय," ती स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. "आत माणूस जागा हाय, पर पंचवीस नंबरचं दार उघडंना. टपाल त्याच दारानं येतं." मग थांबून तिनं विचारलं, "आप्पा, तुमी काय बदललं तर न्हाई ना?"

"मी?"

बंकटरावांनी फळीवरचं रजिस्टर काढून तिच्यापुढं आपटलं. कामावर असताना झडप फिरवली की वेळ, काम, सही; ती खोड घरीही सुटली नव्हती. पाण्याची मोटर, फ्रीज, गॅसची टाकी, सगळ्याची नोंद. 'लिहिल्याबिगर हात लावायचा न्हाई', हे स्वप्नाली मुळाक्षरांच्या आधी शिकली होती.

"बघ. काल सांजच्याला मोटर बंद. आजचं पान कोरं. तीस वर्षांत न लिहिता मी एक बटण दाबलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. छबुबाईंनीसुद्धा मान डोलावली.

"न्हाई तर न्हाई," बंकटराव खाली बघत म्हणाले. "परळीत बी कामं निघत्यात. एस्टीनं जायचं, सांजच्याला घरी जेवायला."

"पाच वाजले न्हाईत अजून, आप्पा."

तिनं लॅपटॉपवर दुसरीच खिडकी उघडली.

"ते काय?"

"फायरवॉलची फाईल. कोणतं दार उघडं, कोणतं बंद, ते हितं लिहिलेलं असतं. एवढंच बघायचं राहिलंय."

"तिला हात लावू नको! लई नाजूक असती. अख्खं घर बंद पडंल."

"नुसती वाचती."

बंकटराव उठले, बसले, पुन्हा उठले. "मी तात्याबाला इचारून येतो, शेळी कशी हाय म्हणून." एक पाय चपलेत गेला. दुसरी चप्पल सापडेना.

मागं कळफलकाचा आवाज थांबला. छबुबाईंच्या हातातली शेंगही हातातच राहिली.

"थांबा आप्पा," स्वप्नाली म्हणाली. "तात्याबाची शेळी लई शिकलेली हाय. ऐका काय लिहून ठेवलंय तिनं. 'वेळ सकाळी सहा दहा. पंचवीस नंबर बंद केला. संध्याकाळी पाच वाजल्यावर उघडावा. सही, बंकट.'"