साखरेखालचा विषाणू

"रंग आला?" सरांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

शाल्मलीने चाचणीची खळग्याखळग्यांची प्लेट उजेडात धरली. लस टोचलेल्या उंदरांचं रक्तद्रव लसीतलं प्रथिन ओळखत होतं. त्या प्रथिनाचे खळगे पिवळे झाले होते. खऱ्या विषाणूचे खळगे मात्र तिसऱ्यांदा पाण्यासारखे राहिले होते, म्हणजे तो ओळखलाच गेला नव्हता.

"आपलं प्रथिन जिवाणूंनी बनवलं, सर. त्यावर साखर नाही. विषाणू माणसाच्या पेशीतून निघतो तो आपलीच साखर लपेटून. आपण उंदरांना बिनबुरख्याचा चोर दाखवला."

"माणसांवरच्या चाचणीची परवानगी अडकेल. उद्या समितीला फक्त पिवळे खळगे दाखव."

तिने नवी प्लेट घेतली. विषाणूवरची साखर कापणारं एन्झाइम घातलं, येरझाऱ्या घालत वेळ काढला, पुन्हा चाचणी लावली. या वेळी विषाणूचे खळगेही पिवळे झाले.

"ओळखतात की," सर हसले.

"साखर काढली म्हणून. माणसाच्या अंगात ती कोण काढणार?"

सर स्टुलावर बसले. "मी ही लस महिन्यापूर्वीच आईला टोचलीय," ते म्हणाले. "साथीत बिनधास्त फिर, असं सांगितलंय तिला."

त्यांनी घरी फोन लावला. आईने उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला.